वाघाचं भेव गावाचं, फाट्याचं भेव एकटीचं

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)



हातातलं काम थांबवू नका. भाकरी थापता थापता, तूर निवडता निवडता ऐकलं तरी चालेल. आज मला तीन गोष्टींवर बोलायचंय. आपल्याला वाटणारी भीती, आपल्या मनाला काय मोलाचं वाटतं ते, आणि घर सांभाळून बाहेरचं काम करताना होणारी ओढाताण. हे तीन वेगळे विषय आहेत असं वाटेल. पण गटांच्या बैठकांना गावोगाव फिरताना मला ते नेहमी एकाच गाठोड्यात बांधलेले दिसतात. बी.ए.ला मानसशास्त्र होतं, तेव्हा पेपरापुरतं वाचलं. आता त्यातलंच काही नव्यानं वाचते, तेव्हा कळतं की आपण विहिरीवर बसून जे बोलतो त्यावर जगभरातल्या अभ्यासकांनी मोजमाप करून ठेवलेलं आहे.

सुरुवात वाघिणीपासून करते.

राळेगाव आणि पांढरकवडा भागातल्या मैत्रिणींना 2016 ते 2018 हा काळ सांगायला नको. वनखात्याच्या नोंदीत तिचं नाव टी-1, वर्तमानपत्रांत अवनी. तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर लागले. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री बोराटीच्या जंगलात ती मारली गेली. तिला मारायला हवं होतं की पकडायला, यावर दिल्लीपर्यंत वाद झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्या वादात मी आज शिरत नाही. मला वेगळंच बघायचंय. त्या दोन-सव्वादोन वर्षांत गावांनी त्या भीतीचं काय केलं?

गावांनी ती भीती गावाची मानली. निंदणाला, वेचाईला बाया घोळक्यानं जायच्या. ज्याच्या घरी माणूस मोकळा असेल त्यानं काठी घेऊन धुऱ्यावर उभं राहायचं. सूर्य कलला की सगळ्यांनी परत. रात्रीची जागल बंद. वनखात्याची माणसं गस्तीला आली, कॅमेरे लागले, ड्रोन उडाले, हत्तीसुद्धा आणले. कोणाही बाईला कोणी म्हटलं नाही की, बाई, हे तुझ्या मनाचे खेळ आहेत. कोणी असंही म्हटलं नाही की वाघ आहे ना, मग तू शेती सोडून दे. भीती सगळ्यांची होती, म्हणून बंदोबस्तही सगळ्यांनी मिळून मागितला.

आता दुसरी भीती बघा. फाट्यावर बस सोडून जाते. तिथून गाव दोन किलोमीटर. खांब आहेत, दिवा एकावरही नाही. मध्ये पानठेला, त्याच्या मागं दारूचं दुकान, पुढं पुलाच्या कठड्यावर बसलेली चार टवाळ पोरं. हिवाळ्यात सहाला अंधार. बाई घरी म्हणते, मला तिथून यायला भेव वाटते. उत्तर काय येतं? मग नको जाऊ.

तीन शब्दांत मामला संपतो. कोणी पुलावर काठी घेऊन उभं राहत नाही.

आपल्याच जिल्ह्यातली एक मैत्रीण आहे. तिचं आणि तिच्या गावाचं नाव सांगत नाही. बारावी शिकलेली, गटाचे हिशेब चोख ठेवते. तालुक्याच्या ठिकाणी हिशेबाचं काम आलं होतं, महिन्याला ठरलेलं मानधन. काम साडेपाचला सुटणार, म्हणजे फाट्यावर उतरायला सात. तिनं मला निरोप पाठवला, “ताई, मले तं घरचंच काम बरं वाटते. लेकरायकडे पाहा लागते.” मी म्हटलं ठीक आहे, तुझी मर्जी. पुढं तीन आठवड्यांनी दुसरंच काही बोलताना ती मध्येच विचारते, “ताई, फाट्यावर लाइट लागला तं ते काम अजून भेटन का हो?”

आता सांगा, तिला घरचं काम बरं वाटत होतं की अंधार नको होता? ती खोटं बोलली नव्हती. लेकरांचं तिला खरंच वाटतं. पण भीती अशी गोष्ट आहे की ती फार दिवस भीती म्हणून राहत नाही. हळूहळू ती आवड-निवडीचं लुगडं नेसते. मग आपणच म्हणायला लागतो, मला नाहीच आवडत बाहेर जायला.

यावर दिल्लीत एक नावाजलेला अभ्यास झाला आहे. गिरिजा बोरकर नावाच्या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी दिल्ली विद्यापीठातल्या सुमारे 4,000 विद्यार्थ्यांची माहिती घेतली. कोणाला किती मार्क होते, कोणती कॉलेजं मिळू शकत होती, घेतलं कोणतं, आणि घरापासून तिथपर्यंतचा रस्ता कसा आहे. निघालं असं की चांगल्या मार्कांच्या मुलीसुद्धा रस्ता सुरक्षित वाटावा म्हणून वरच्या दर्जाचं कॉलेज सोडून खालच्या दर्जाचं घेत होत्या. मुलं एवढ्या प्रमाणात असं करत नव्हती. सुरक्षित वाटणाऱ्या रस्त्यासाठी मुलांपेक्षा वर्षाला 18,800 रुपये जास्त मोजायची मुलींची तयारी होती. म्हणजे रस्त्यावरच्या टवाळखोरानं त्या मुलीला हातही न लावता तिचं कॉलेज बदललं, आणि कॉलेज बदललं की पुढची नोकरी, पुढचा पगार, सगळंच बदलतं. आपल्याकडं कॉलेज बदलायला दुसरं कॉलेजच नसतं. आपल्याकडं मुलीचं शिक्षण बारावीवर थांबतं आणि कारण सांगितलं जातं की तिला अभ्यासात गोडी नव्हती.

अभ्यासक याला ‘वाटणारी सुरक्षितता’ म्हणतात. प्रत्यक्ष धोका किती आहे हे एक, आणि माणसाला तो किती वाटतो हे दुसरं. पॉल स्लोविक नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं 1987 मध्ये यावर एक लेख लिहिला, तो आजही सगळे वाचतात. त्याचं म्हणणं असं की धोका मोजताना माणूस फक्त मेलेल्यांची संख्या बघत नाही. ज्याच्या नुसत्या कल्पनेनं अंगावर काटा येतो, जो आपल्या हातात नसतो, जो अनोळखी असतो, तो धोका जास्त मोठा वाटतो. रोजचा, ओळखीचा धोका लहान वाटतो.

हे आपल्या वावरात पटतं. भारतात 2000 ते 2019 या वीस वर्षांत सर्पदंशानं सुमारे 12 लाख माणसं गेली असा संशोधकांचा अंदाज आहे. तरी आपण अनवाणी पायांनी सोयाबीन सोंगायला जातो. 2017 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात भरती झाली. औषध कालवायला, पाणी आणून द्यायला तिथं बायाही होत्या. त्याचं भेव आपल्याला वाघाएवढं वाटलं का? नाही वाटलं. डबकी, डबे, हातपंप, सगळं ओळखीचं होतं ना.

पण इथं एक सावधगिरी. “भीती वाटणारी असते, खरी नसते,” एवढंच वाक्य उचलून उद्या कोणी तुमच्या तोंडावर मारेल. पोलिसपाटील म्हणेल, “बाई, त्या रस्त्यावर आजपर्यंत एकही केस नाही.” त्याला विचारा, त्या रस्त्यानं सातनंतर बाई चालते कुठं? बाई जातच नाही तर केस कुठून होणार? कागदावर तो रस्ता सुरक्षित आहे तो बाया घरी बसल्या म्हणून. आणि जिच्यासोबत काही झालं ती तरी कुठं सांगते? सांगितलं तर घरचे पहिलं काय करतील हे तिला माहीत असतं. तिचंच जाणं बंद करतील. म्हणून नोंदवहीतला आकडा आणि बाईच्या छातीतली धडधड या दोहोंत फरक आला, तर धडधड चुकीची असं लगेच ठरवू नका. पुष्कळदा ती नोंदवहीपेक्षा जास्त जाणती असते.

आणखी एक. “घरात सुरक्षित, बाहेर धोका” हे सरसकट खरं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या लग्न झालेल्या बायांपैकी सुमारे 29 टक्के जणींनी सांगितलं की नवऱ्याकडून त्यांना कधी ना कधी मारहाण किंवा जाच झालेला आहे. अशा मैत्रिणीला गटाची बैठक हीच सुरक्षित जागा असते. तिच्यासाठी 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे आणि तातडीला 112. लिहून ठेवा. भिंतीवर नको, चुलीजवळच्या फडताळात आतल्या बाजूला लिहा.

आता दुसरा धागा, मनाला मोलाचं काय वाटतं. शालोम श्वार्ट्झ नावाच्या इस्रायली मानसशास्त्रज्ञानं 1992 मध्ये मांडलं की जगात कुठंही जा, माणसं ज्या गोष्टींना आयुष्यात मोल देतात त्या साधारण दहा प्रकारांत बसतात. सुरक्षितता, परंपरा, चारचौघांच्या रीतीनं वागणं, आपल्या माणसांचं भलं, सगळ्या जगाचं भलं, स्वतःचं स्वतः ठरवणं, नवं काही करून बघणं, सुख, यश आणि सत्ता. हे दहाही सगळ्यांत असतात, कमी-जास्त असतात. आणि त्यातले काही एकमेकांना ओढतात. सुरक्षितता आणि परंपरा एका बाजूला, स्वतःचं ठरवणं आणि नवं करून बघणं समोरच्या बाजूला. जुवाला जुंपलेले दोन बैल उलट्या दिशेनं निघावेत तसं. आपली रात्रीची झोप जाते ती पुष्कळदा याच ओढाताणीनं. त्याला आपण “टेंशन” म्हणतो.

याच श्वार्ट्झनी पुढं, 2005 मध्ये, एका सहकारी बाईंसोबत 70 देशांतली माहिती तपासली. बाया आणि पुरुष यांच्या मोलाच्या गोष्टींत फरक किती? थोडासा निघाला. बाया आपल्या माणसांच्या भल्याला जरा जास्त महत्त्व देतात, पुरुष सत्तेला जरा जास्त, पण हा फरक लहान होता. एका देशातली माणसं आणि दुसऱ्या देशातली माणसं यांच्यातला फरक त्याहून पुष्कळ मोठा होता. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. “बाईमाणसाला घरच प्यारं असतं, तिचा पिंडच तसा” असं जेव्हा कोणी म्हणतं, तेव्हा हा अभ्यास आठवावा. कमवावं, आपलं आपण ठरवावं, हे बाईलाही वाटतं. तिला तसं बोलायची जागा कमी असते, एवढंच.

मग “लोक काय म्हणतील?” हा आपला जुना पाहुणा येतोच. याच्यावर सौदी अरेबियात एक प्रयोग झाला, 2020 मध्ये छापून आला. लिओनार्डो बर्स्टिन आणि त्यांचे सहकारी रियाध शहरात लग्न झालेल्या तरुण पुरुषांकडं गेले. गुपचूप विचारलं, बायकांनी घराबाहेर काम करावं हे तुम्हाला पटतं का? बहुतेकांनी हो म्हटलं. मग विचारलं, तुमच्यासोबत बसलेल्या बाकीच्यांना पटतं का? तर बहुतेकांनी बाकीच्यांचा अंदाज खऱ्यापेक्षा कमी सांगितला. म्हणजे प्रत्येकाला स्वतःला चालत होतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्याला चालत नाही. मग काही जणांना खरा आकडा सांगितला. त्यातल्या जास्त जणांनी बायकोचं नाव काम मिळवून देणाऱ्या सेवेत नोंदवलं, आणि काही महिन्यांनी बघितलं तर त्यांच्या बायकांनी बाहेरच्या कामासाठी अर्ज करण्याचं, मुलाखत देण्याचं प्रमाणही वाढलं होतं. भाषण नाही, मोर्चा नाही. फक्त शेजारी काय विचार करतो ते खरं सांगितलं.

आपल्या गटात याची सोपी रीत करता येते. वाचता-लिहिता येण्याची गरज नाही. एक मडकं घ्या, वर फडकं बांधा, हात जाईल एवढं भोक ठेवा. प्रत्येकीच्या हातात एक तुरीचा दाणा आणि एक हरभऱ्याचा. प्रश्न विचारा, “घरच्या सुनेनं तालुक्याला कामाला जावं हे मला चालेल का?” चालेल तर तूर, नाही तर हरभरा. मुठी झाकून टाका. एका गावात मी हे केलं तेव्हा त्यात सासवाही होत्या. टाकायच्या आधी प्रत्येक सासू म्हणत होती, माझं काही नाही बाई, पण गाव म्हणेल ना. मडकं उपडं केलं तर बहुतेक तूरच. एक आजी बराच वेळ दाण्यांकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “मंग गाव म्हंजे कोन वो?”

आता तिसरा धागा, घर आणि काम. याला पेपरात “तारेवरची कसरत” म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही. तारेवर चालणारी पोर एकटी असते आणि बाकीचे खाली बसून टाळ्या वाजवतात. महिला दिनाच्या सत्काराला तसंच होतं, नारळ आणि शाल मिळते, घरी गेल्यावर पुन्हा भांडी.

केंद्र सरकारनं 2024 मध्ये वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्या लोकांसाठी बिनपैशाचं घरकाम जे करतात त्यांत बाया दिवसाला सरासरी 289 मिनिटं देतात, पुरुष 88 मिनिटं. पाच वर्षांआधीच्या पाहणीत बायांची 299 मिनिटं होती. पाच वर्षांत दहा मिनिटं वाचली. आनंद करायचा तर करा. पण पुरुषांची तेव्हा 97 होती, तीही खाली आली आहेत.

1985 मध्ये ग्रीनहाउस आणि बॉयटेल या दोघांनी घर-कामाच्या ओढाताणीचे तीन प्रकार सांगितले. पहिला वेळेचा. वेचाईलाही तीच दुपार आणि लेकराला डॉक्टरकडं न्यायचीही तीच दुपार. दुसरा मनाच्या ताणाचा. मजुरीचे पैसे कापले गेले म्हणून डोकं तापलेलं आणि घरी आल्यावर पोरावर हात उठतो. किंवा उलटं, घरी रात्री भांडण झालेलं आणि सकाळी बँकेत स्लिप भरताना आकडा चुकतो. तिसरा वागण्याचा. बँकेत, पंचायत समितीत मान वर करून बोलावं लागतं, आणि घराचा उंबरठा ओलांडला की तीच मान खाली घालावी लागते. दिवसातून दोनदा अंग बदलायचं. हा तिसरा प्रकार सांगितला की गटातल्या बाया हसतात, आणि मग गप्प होतात.

पुढं 2006 मध्ये याच ग्रीनहाउसनी गॅरी पॉवेल यांच्यासोबत दुसरी बाजू मांडली. बाहेरचं काम घरातून नुसतं घेत नाही, घराला देतंही. हिशेब शिकलेली बाई घरचं खत-बियाणं उधारीवर घेताना व्याज विचारते. बैठकीत बोलायला शिकलेली आई शाळेत मास्तरांशी बोलते. हे आपण रोज बघतो, पण घरच्यांना सांगताना फक्त पैशाचं सांगतो.

आणि आता मला वाटतं ते सांगते, हे कोणत्या पुस्तकातलं नाही. भीती ही वेळ खाते. फाट्यावर अंधाराच्या आत पोचायचं म्हणून बाई पाचच्या ऐवजी चारची बस धरते. म्हणजे काम तासभर कमी, म्हणजे मानधन कमी किंवा मालकाची बोलणी. ते टाळायचं तर सकाळी लवकर जावं लागतं, म्हणजे चारला उठून स्वयंपाक. झोप गेली, चिडचिड आली. मग सगळे म्हणतात, बघा, हिला घर आणि काम झेपत नाही. झेपत नाही ते काम नव्हे. तो एक तास तिच्याकडून फाट्यावरच्या अंधारानं घेतला.

17 मार्च 2023 पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे. चांगलं झालं, बाया तालुक्याला जास्त जायला लागल्या. पण सातची गाडी फाट्यावरून आत गावात येत नसेल, तर अर्ध्या तिकिटात आपल्याला अर्धाच रस्ता मिळतो. बाकीचा अर्धा अंधारात चालायचा.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की फाट्याचं भेव वाघाच्या भेवासारखं मांडा. एकटीचं म्हणून नव्हे, गावाचं म्हणून. आपल्या जिल्ह्यात बायांनी दारूबंदीसाठी मोर्चे काढलेले आहेत. उभी बाटली-आडवी बाटलीचं मतदान काय असतं हे इथल्या बायांना कोणी शिकवायला नको. जे नवऱ्याच्या पिण्याचं झालं, म्हणजे घरातलं दुखणं चावडीवर आलं, तेच रस्त्याचं होऊ शकतं.

आधी गटात बसून एक काम करा. प्रत्येकीनं अशी एक गोष्ट सांगायची जी करायला ती “नको” म्हणाली. काम, प्रशिक्षण, शिक्षण, माहेरी जाणंसुद्धा. मग तीन प्रश्न. रस्ता, गाडी, माणसं सगळं ठीक असतं तरी मी नको म्हटलं असतं का? घरचं कोणी बघणारं असतं तरी नको म्हटलं असतं का? कोणाला कळणारच नसतं तरी नको म्हटलं असतं का? तिन्हीला उत्तर “हो, तरी नकोच” आलं, तर ते तुमच्या मनाचं आहे, तिला कोणी जबरदस्ती करू नये. घरात राहून लेकरं वाढवणं हे कमी मोलाचं आहे असं मी मुळीच म्हणत नाही, आणि गटाच्या कोणत्या ताईनं तसं म्हणूही नये. पण पहिल्या प्रश्नाला उत्तर बदललं, तर ते भेव आहे. दुसऱ्याला बदललं तर ती वेळेची अडचण आहे. तिसऱ्याला बदललं तर मडकं आणि दाणे काढा.

मग गावाचा नकाशा रांगोळीनं अंगणात काढा. शाळा, फाटा, बोअरवेल, दुकान, शौचाला जायची जागा, पूल. जिथं दिवसा भेव वाटतं तिथं एक खडा, जिथं सांजच्याला वाटतं तिथं दोन. पोरींना वेगळं बसवून त्यांचे खडे वेगळे ठेवायला लावा, कारण आईसमोर त्या खरं सांगत नाहीत. तांड्यावरच्या, कोलाम पोडावरच्या बायांचे खडे त्यांनाच ठेवू द्या. त्यांचा रस्ता आपल्यापेक्षा लांब असतो आणि नकाशातून पहिला तोच सुटतो. जिथं खड्यांचा ढीग होईल तिथलं काम पहिलं.

हे सगळं कागदावर घेऊन महिला सभेत जायचं. ग्रामसभेच्या आधी बायांची वेगळी सभा घेतलीच पाहिजे असं आपल्या राज्याच्या ग्रामपंचायत कायद्यात आहे. पुष्कळ गावांत ती नुसती रजिस्टरवर होते, सह्या घरोघर फिरून घेतल्या जातात. सही मागायला आले तर म्हणा, सभा कुठं आहे ते सांगा, तिथं येऊन करते. ठराव मोघम नको. “महिलांच्या सुरक्षिततेसाठी उपाययोजना करावी” असं लिहिलं की कोणावरच काही येत नाही. लिहा की फाटा ते गाव या रस्त्यावरच्या अमुक खांबांवर अमुक तारखेपर्यंत दिवे लागावेत. लिहा की संध्याकाळची बस गावात यावी म्हणून ग्रामपंचायतीनं आगार व्यवस्थापकांना पत्र द्यावं, आणि त्या पत्राची प्रत ग्रामसंघाला मिळावी.

लेकरांचंही लिहा. 2005 च्या रोजगार हमी कायद्यात असं होतं की कामावर आलेल्या बायांची सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त लेकरं असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची आणि तिला मजुरी द्यायची. म्हणजे लेकरू सांभाळणं हे काम आहे, त्याला दाम आहे, हे कायद्यानं मानलं. मग गटाचं काम असेल, पापड असोत की डाळ, तिथं एकीला लेकरं सांभाळायला ठेवून तिला बाकीच्यांएवढाच रोज का देऊ नये? काही गटांत यावर भांडणं होतात, “ती तं नुसती बसून रायते” म्हणून. तिला एक दिवस पापड लाटायला बसवा आणि भांडणाऱ्या बाईला सात लेकरं द्या.

शेतमजूर बायांसाठी एक माहिती. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाला तर 2013 चा कायदा फक्त ऑफिसातल्या बायांसाठी नाही. वावर हेही कामाचं ठिकाण आहे, जिनिंगही, दुसऱ्याच्या घरची धुणीभांडीही. जिथं दहापेक्षा कमी माणसं काम करतात किंवा तक्रार मालकाविरुद्धच आहे, तिथं जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाता येतं. घटना झाल्यापासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची. लिहिता येत नसेल तर लिहून घ्यायला मदत करणं समितीचं काम आहे.

आणि टेंशन फार झालं, झोप उडाली, जिवाचं बरंवाईट मनात यायला लागलं, तर 14416 हा टेलि-मानसचा नंबर आहे. दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला होता. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांनी घरोघर याबद्दल बोलणं सुरू केलं. आधी उदास झालेल्या शंभरातले चारच जण मदत घेत होते, दीड वर्षात सत्तावीस घ्यायला लागले. तिथं डॉक्टरांची फौज नव्हती आली. ओळखीचं माणूस बोललं, म्हणून माणसं मदत मागायला लागली.

ज्या मैत्रिणीचं सांगितलं तिच्या गावात पुढच्या महिला सभेत दिव्यांचा आणि सातच्या बसचा ठराव मांडायचं गटांनी ठरवलं आहे. हिशेबाची ती जागा अजून भरलेली नाही, पण महिनाअखेरपर्यंतच थांबणार आहेत. ठरावाचा आणि आगाराला द्यायच्या पत्राचा नमुना मी करून ठेवला आहे, एक पानाचाच आहे. ज्या गटांना हवा त्यांनी आपल्या सीआरपी ताईकडं निरोप द्यावा. गावाचं नाव, फाट्याचं नाव आणि खांबांची संख्या तेवढी तुम्ही मोजून भरा. खांब मोजायला सांजच्याला जा, चौघी-पाचजणी मिळून, बॅटरी घेऊन.